सुनील काय गात होता

सुनील गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलला काच बसवत होतो. दोन दिवसांचा ताप, अकोल्याला नेता नेताच संपलं, असं त्याचा भाऊ सांगत होता... मी काच पूर्ण बसवली, बुडबुडेही काढले, मग शटर ओढलं. याला दीड महिना झाला. पोरगा चांगला होता म्हणणारे नांदुऱ्यात पुष्कळ भेटतात. पण आमच्या बँडबद्दल बोलू शकणारी माणसं जगात दोनच होती, आणि आता मी एकटा उरलो आहे.

बँड म्हटलं की आमच्याकडे वरातीतलाच समजतात. आमचा डेथ मेटलचा होता, म्हणजे रॉकमधला सगळ्यात कर्कश प्रकार. माझी गिटार, कॉम्प्युटरवरचे ड्रम आणि सुनीलचं पोटातून गुरगुरणं. नाव ‘मसनवटा’. मामाचं रेल्वे रुळांलगतचं सरकीचं गोदाम उन्हाळ्यात रिकामं असे, तिथे भर दुपारी आम्ही आठ गाणी रेकॉर्ड केली. मालगाडी आली की थांबायचं, गेली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा पानठेलेवाल्यानं डोकावून विचारलं, “कोनाच्या अंगात आलं काय बे?” सुनील इतका हसला की ते गाणं त्या दिवशी झालंच नाही.

सीडी आम्हीच काढली. आम्हाला दुसरं कोण विचारणार होतं! कव्हर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे दिलं. त्यानं सवयीनं कवटीच्या डोक्यावर ‘श्री गणेशाय नमः’ छापून दिलं. मी भडकलो. सुनील म्हणाला, “राहू दे बे, विघ्न तं येनार नाही.” त्या छापखान्यात एका घडीचंच कव्हर निघत होतं, आत जागा थोडीच. सुनीलनं आठही गाण्यांचे शब्द आत छापायला म्हणून वहीच्या कागदांवर सुवाच्य लिहून आणले होते. मी ते न वाचताच परत केले. म्हटलं, “तुहं गुरगुरनं कोनाले समजते? शब्द कशाले पायजे?” त्यानं कागद खिशात घातले... पुढे त्यानं विषय काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

तेरवीनंतर त्याच्या आईनं, काकूंनी, मला बोलावून घेतलं. हातात सीडी होती. “लाव बरं,” म्हणाल्या. पहिलं गाणं पदर तोंडाशी धरून ऐकलं आणि विचारलं, “काय म्हनून राह्यला तो? सांग ना बाबू, तू तं बाजूलेच होता.”

मी हातभर अंतरावर होतो, आणि मला एक ओळ सांगता आली नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ते कागद आम्ही कपाटात, जुन्या दप्तरांत, गादीखाली शोधले. मिळाले नाहीत.

आता दर रविवारी जातो. पंखा बंद करून ऐकतो, मी पेन घेऊन बसतो. आतापर्यंत सात-आठ शब्द हाती लागलेत, त्यातल्या दोनांचीच खात्री आहे. गेल्या रविवारी काकूंनी एकदम हात वर केला. “थांब. मांगं घे.”

मागं घेतलं. एक ओळ संपते आणि दुसरी सुरू होण्याआधी तिथे बारीकसा आवाज आहे.

“आयकलं? दम घेऊन राह्यला. लहानपनी रडता रडता असाच घे.”

मग आम्ही शब्द शोधलेच नाहीत. सगळी सीडी, तो कुठे कुठे दम घेतो तेवढंच ऐकत बसलो.