मागच्या दाराला कडी लावणाऱ्या जयवंतीमावशी

माझ्या दवाखान्याच्या अंगणात एक पोर मरायला टेकलं होतं, आणि सलाईन आत कपाटात होतं.

आज सकाळी जयवंतीमावशी गेल्या. म्हणून लिहितोय. एवढी वर्षं लाज वाटत होती.

ऐंशीच्या दशकातलं बोईसर. कारखाने वाढत होते, माझी प्रॅक्टिस नवीन.

मावशी तारापूरकडच्या कोळीण. नवरा गेल्यावर मासळीची पाटी सोडून माझ्याकडे कामाला लागल्या. आवाज मात्र बाजारातलाच राहिला.

दवाखान्याला दोन दारं. पुढचं सगळ्यांचं. मागचं ओळखीच्यांचं. दुकानदार, सुपरवायझर, पुढारी "डॉक्टर, दोनच मिनिटं हं" म्हणत थेट आत.

डोंगराकडून पायी आलेले वारली अंगणात बदामाखाली बसायचे. हाक मारल्याशिवाय उठायचे नाहीत.

मी मित्रांना कौतुकाने सांगायचो, काय पेशन्स आहे या लोकांना!

गाढव होतो.

एक दिवस जागामालक शेठ समोर बसून गप्पा मारत होते. मावशी एका वारली बाईचं पोर उचलून सरळ आत आल्या आणि टेबलावर ठेवलं. जुलाब. डोळे खोल गेलेले, मान टाकलेली.

मी सलाईन लावता लावता त्या आईवरच खेकसलो, "सकाळपासून बसलीस ना? आधी सांगायला काय झालं होतं?"

तिने पदराने पोराचं तोंड पुसलं.

"तिला कशाला वरडता?" मावशी म्हणाल्या. "दोनदा दारात येऊन उभी रायली. तुमी शेटशी बोलत होता. मीपन बगितलं नि गप रायली. चूक आपली हाय, तिची नाय."

संध्याकाळी पोर रडायला लागलं. इतका छान आवाज मी परत ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला आतून कडी. बाहेरून शेठ दार ठोकतायत.

मी हळूच म्हटलं, "मावशी, तुम्हीच सांगा ना त्यांना, पुढून या म्हणून."

"मी नाय सांगनार. माज्यावर हसतील. दवाखाना तुमचा, मान तुमाला देतात. तुमी सांगा."

मी दार उघडून म्हणालो, "शेठ, पुढून या. तुमच्या आधी बरेच जण आहेत."

शेठ आले नाहीत. थोड्याच दिवसांत जागा खाली करायला लावली.

नवीन जागा शोधत मावशी माझ्यासोबत उन्हातान्हात फिरल्या. एक जागा मला फार आवडली होती. त्यांनी मागे जाऊन बघितलं आणि म्हणाल्या, "नको. हिला पन दोन दारं हायत."

त्यानंतर मी कोणाला मधे घुसवलंच नाही, असं म्हणणार नाही. मोठ्या माणसाला नाही म्हणणं अजूनही जड जातं. पण आधी उठून अंगणात कोण बसलंय ते बघून येतो.

एक मात्र राहून गेलं. त्या पोराची गोष्ट मी खूप ठिकाणी सांगितली. सत्कारात, भाषणात. दरवेळी "मी वाचवलं" असंच सांगितलं. मावशी एकदा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

तुम्ही वाचवलंत, मावशी.

माझा शेवटचा नमस्कार.