बाईंचं बर्लिन

कुठल्याही इमारतीत शिरलं की बाई आधी मान वर करायच्या. आपण झुंबर बघतो, रंगवलेलं छत बघतो. बाई मात्र भिंतीच्या कोपऱ्यातली ती लहानशी पाटी शोधायच्या, बाण आणि बाणाशेजारी एक बाहुला, एक बाहुली. पाटी दिसली की चेहरा असा खुलायचा, जणू माहेरचं माणूस भेटलं. मग भर शांततेत, चार जर्मन माणसं वळून बघतील अशा आवाजात म्हणायच्या, "इथं फुकट आहे हो!"

तुम्ही इथे नवे असाल तर सांगते. या देशात लघवीला जायचे पैसे पडतात. स्टेशनात तर नाणं टाकल्याशिवाय फाटक उघडत नाही. तरुण माणसाला त्याचं काही वाटत नाही. पण आमच्या वयाला गाव कसलंही असो, पहिला प्रश्न तोच. फक्त तो कोणी मोठ्याने विचारत नाही. बाई विचारायच्या. म्हणून इथल्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना हसायच्या आणि सहलीला जाताना गुपचूप त्यांनाच फोन करायच्या.

बाई आमच्याच इमारतीत, लुडविग्सहाफेनला, खालच्या मजल्यावर राहायच्या. नवरा इथल्या रसायनांच्या कारखान्यात होता, तो लवकर गेला. त्यानंतर बाईंनी एकटीने जर्मनी पालथी घातली, आणि सगळी स्वस्तात. चिकट म्हणजे किती चिकट! मॉलमध्ये टॉयलेटच्या दाराशी एक बाई टेबलावर ताटली ठेवून बसते ना, लोक नाणी टाकतात ती? तिथे आमच्या बाई थांबायच्या, तिच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या, नातवंडं किती विचारायच्या, गावाकडे कोण असतं विचारायच्या. एवढं झाल्यावर पैसे मागायची त्या ताटलीवालीलाच लाज वाटायची. "पैसे कशाला टाकायचे?" बाई बाहेर आल्यावर म्हणायच्या. "माणुसकी टाकली की!"

मला ते आवडायचं नाही. मी मागे राहून हळूच नाणं टाकायचे. बाईंना ते कळायचं आणि दिवसभर माझ्याशी अबोला असायचा.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमच्या ह्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, वर ब्लडप्रेशरची ती लघवी वाढवणारी गोळी. त्यानंतर हे घराबाहेर पडेनासे झाले. एकदा पुलावर ट्राम अडकली होती आणि... त्याबद्दल जास्त लिहीत नाही. हे सगळं मी त्यांना विचारूनच लिहितेय हो. ते म्हणाले, "लिही. निम्म्या वाचकांना सांगायलाही लागणार नाही." पण तेव्हा असं बोलायची सोय नव्हती. तेव्हा नुसत्या सबबी. नदीपलीकडे मानहाइमला जायचं म्हटलं तर "गर्दी फार असते." मित्राचा वाढदिवस, तर "मॅच आहे." उभं आयुष्य कारखान्यात माणसांवर ओरडलेला हा माणूस, बायकोला "मला बाहेरची भीती वाटते" एवढं वाक्य सांगू शकत नव्हता.

आणि नेमका नातीचा फोन आला. नात बर्लिनला शिकते, युनिव्हर्सिटीच्या गायकवृंदात गाते. त्यांचा एका जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम होता आणि तिला पहिल्यांदाच एकटीने गायचं होतं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "आजोबा, डू कोम्स्ट डोख, ओडर?" म्हणजे तुम्ही येणार ना, नक्की? हे "हो, हो" म्हणाले, फोन ठेवला आणि मला म्हणाले, "तू जाऊन ये."

नात लहान असताना तिला ह्यांनीच मांडीवर बसवून सूर लावायला शिकवलं होतं. ह्यांना जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण लुडविग्सहाफेन ते बर्लिन म्हणजे जवळजवळ उभा देश.

माझ्या मुलाने श्टुटगार्टहून प्लॅन करून पाठवला. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, त्यामुळे एक्सेल. सकाळी हे बघा, दुपारी ते बघा, इथे बस पकडा, रंग दिलेले, बाण काढलेले. त्यात सगळं होतं, फक्त आई-बाबा नव्हते. दोन ठिकाणांमध्ये चालायचं अंतर होतं, बसायला बाक कुठे ते नव्हतं. ह्यांनी तो कागद बघून चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

मी बाईंना काही बोलले नव्हते. त्या आपल्या भांडं परत द्यायला वर आल्या. "येणार नाही" हे ह्यांचं वाक्य त्यांच्या कानावर पडलं. 'का' असं त्यांनी विचारलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या,

"आल्झो, तर मग भावजी, मलाही बर्लिनला जायचंय. तिघांनी मिळून गेलं तर तिकीट स्वस्त पडतं. तुम्ही घरी बसलात तर माझं नुकसान."

"वहिनी, तुम्ही दोघी जा ना."

"दोघींना तो दर नाही. माझे बुडालेले तुम्ही भरणार का?"

"तसं नाही, मला जरा..."

"नोव्हेंबरात बर्लिनला कुत्रं फिरकत नाही, म्हणून हॉस्टेल स्वस्त. डबा मी करते. तुम्ही फक्त यायचं आणि मी सांगेन तिथे आत जायचं."

हे माझ्याकडे बघायला लागले. बाईंचं नुकसान करण्याची हिंमत आमच्या इमारतीत कोणाचीच नव्हती.

अशी आमची सहल निघाली. गाडीतलं फुकट आणि स्टेशनातलं विकतचं, हा बाईंचा पहिला धडा. त्यामुळे स्टेशन जवळ आलं की त्या शाळेच्या बाईंसारख्या उठून उभ्या राहायच्या. "चला, सगळ्यांनी! मागाहून पैसे पडतील, मी देणार नाही." मला जायचं नसलं तरी मला उठवायच्या. स्वतःही जायच्या. आमच्या समोर एक अनोळखी जर्मन आजोबा बसले होते, ते हा आवाज ऐकून काही न कळताच उठून रांगेत आले.

बाईंचं बर्लिन तुम्हाला कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. ती प्रसिद्ध कमान आम्ही बसमधून पाहिली, कारण कमानीला आत काही नसतं. पण नगरपालिकेची ती लाल इमारत आम्ही आतून पाहिली, तळमजला नीट पाहिला. सार्वजनिक वाचनालय पाहिलं, युनिव्हर्सिटीची मुख्य इमारत पाहिली. भिंत जिथे पाडली तिथे आम्ही थोडाच वेळ थांबलो, त्या मानाने शेजारच्या माहिती केंद्रात बराच वेळ थांबलो. संसदेच्या काचेच्या घुमटाला प्रवेश फुकट, नुसती आधी नावं द्यावी लागतात. ती बाईंनी कधीच देऊन ठेवली होती. ह्यांना वर लिफ्टमध्ये जाऊन लोकशाहीवर चार शब्द बोलायचे होते. बाईंनी खालीच अडवलं. "भावजी, लोकशाही पळून जात नाही. आधी डावीकडे."

तिथून बाहेर येऊन बाई मला म्हणाल्या, "ताई, देश कसा चाललाय ते इथे कळतं. साबण होता, कागद होता, कडी लागत होती. गेनाऊ, अगदी बरोब्बर. आपण काही काळजी करायची नाही."

हॉस्टेलवर शाळांच्या सहली उतरलेल्या, पोरंच पोरं. न्याहारीच्या टेबलाशी पाटी होती की खाद्यपदार्थ बाहेर नेऊ नयेत. बाईंनी पाव चिरले, चीज भरलं, रुमालात गुंडाळले. तिथं काम करणारी मुलगी आली. बाई तिला शांतपणे म्हणाल्या, मी बाहेर नेत नाहीये, मी सावकाश खातेय. ती मुलगी दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली, मग हसली आणि एक सफरचंद वर ठेवून गेली. आम्हा दोघांना आतच टॉयलेट असलेली खोली होती. बाई स्वतः वर पोरींच्या खोलीत, दुमजली पलंगावर. "तुमची चुकून मिळाली हो, त्याच दरात," म्हणाल्या. त्यांच्या आयुष्यात काही चुकून मिळालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. "भावजी, तुम्हाला जायचंय का?" असं बाईंनी एकदाही विचारलं नाही. विचारायची वेळच येऊ दिली नाही. फुकट आहे म्हणून सगळे जातात, त्यात हेही जातात. दुसऱ्या दिवशी हे बसमध्ये शीळ घालत होते. कित्येक महिन्यांनी ऐकली मी ती.

आणि मग ते चर्च आलं.

जुन्या चर्चमध्ये टॉयलेट नसतं. हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. बाईंना माहीत होतं. कार्यक्रमाच्या दुपारी आम्ही दोघं हॉस्टेलवर जरा पडलो होतो, तेव्हा त्या बघायला म्हणून एकट्याच पुढे गेल्या होत्या. चर्चच्या बाजूला त्यांचं एक छोटं सभागृह होतं, त्यात एकच टॉयलेट. पण सभागृहाला कुलूप. चर्चची देखभाल बघणाऱ्या गृहस्थांना बाईंनी डब्यातले बेसनाचे लाडू दिले, मुलाबाळांची चौकशी केली, आणि किल्ली मागितली. आता या देशात माणूस एक वेळ मूत्रपिंड देईल, पण किल्ली देणार नाही. ते म्हणाले, लाडू उत्तम आहेत, किल्ली मिळणार नाही. मी दार उघडून देतो. पण ते दार सोडलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरून उघडत नाही. मग वीट लावू का? वीट नाही, आगीचा नियम आहे. खुर्ची? खुर्चीही नाही. मग काय चालेल? माणूस चालेल. जबाबदार माणूस दारात बसला तर चालेल.

आम्ही पोचलो तेव्हा बाई त्या दारात स्वतः खुर्ची टाकून बसल्या होत्या. कानाला मफलर, मांडीवर पर्स, एक पाय उंबऱ्यावर दाराला लावलेला. किल्लीचं हे रामायण तोवर मला माहीत नाही, ह्यांना माहीत नाही.

"अहो बाई, आत चला ना," मी म्हटलं. "गारठून जाल."

"मी इथेच बरी. आत शेवटी टोपली फिरते दान मागायला. पैसे कशाला टाकायचे? इथून फुकट ऐकू येतं." मग ह्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "बाजूच्या दाराजवळचं बाक धरलंय तुमच्यासाठी, रुमाल टाकलाय. तिथून इथे यायला वळावंसुद्धा लागत नाही."

ह्यांनी त्या दाराकडे पाहिलं. बाईंच्या पायाकडे पाहिलं.

आम्ही बसलो. सुरुवातीला हे सारखे बाजूच्या दाराकडे बघत होते. मग गाणं सुरू झालं. नात काळ्या कपड्यांत दुसऱ्या रांगेत होती, तिचं गाणं आलं तशी पुढे आली. आमच्याकडे बघितलं, आजोबांना शोधलं, आणि सूर लावला. मला त्यातलं फार कळत नाही. पण हे मांडीवर बोटाने ताल धरून बसले होते आणि त्यांचे डोळे एकदाही दाराकडे गेले नाहीत. कार्यक्रम संपेपर्यंत हा माणूस जागचा उठला नाही.

टाळ्या थांबल्या तसे मात्र तडक उठले. मला वाटलं, आता धीर सुटला. मी त्यांच्या मागे बाहेर आले. तर सभागृहापाशी आधीच रांग! सगळे पांढऱ्या केसांचे, कोट घातलेले, मुकाट उभे असलेले जर्मन आजोबा. दीड तास सगळ्यांनीच दात आवळून काढला होता की काय कोण जाणे. हे त्या रांगेकडे असे बघत राहिले, जणू हरवलेले भाऊबंद सापडले.

बाई खुर्चीत तशाच. पाय दाराला, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोरच्या झाडावर. बाकी कोणाला काही कळलं नसतं. ह्यांना बघताक्षणी कळलं. तो चेहरा ते घरी आरशात बघत होते.

"वहिनी, उठा."

"मला काय झालंय?"

"दुपारपासून इथे बसलायत. दार सोडून जाता येत नाही. उठा म्हणतो ना!"

"अहो, पण रांग आहे. आणि दार कोण..."

"दार मी धरतो."

आणि ज्या माणसाने घरात या विषयाचा शब्दही माझ्यासमोर काढला नव्हता, तो त्या सगळ्या कोटवाल्यांकडे वळून, कारखान्यातल्या आवाजात ओरडला, "एन्टशुल्डिगुंग! डी डामे त्सुएर्स्ट!" माफ करा, आधी या बाईंना जाऊ द्या!

आजोबांची रांग एका बाजूला सरकली. बाई पर्स माझ्या हातात कोंबून जवळजवळ पळतच आत गेल्या. 'इथं फुकट आहे' वगैरे काही न बोलता.

हे खुर्चीत बसले आणि दाराला पाय लावला. तेवढ्यात नात आजोबांना शोधत आली, हातात फुलं, गाल लाल झालेले. त्यांना तिथे, टॉयलेटच्या दारात, रांगेच्या तोंडाशी बसलेलं पाहून गोंधळली. "आजोबा, वास माख्स्ट डू डेन हीर?" इथे काय करताय तुम्ही?

"बाई आत आहेत," हे म्हणाले. "सुंदर गायलीस. इकडे ये, मिठी मार. मला उठता येणार नाही."

ती वाकली, फुलांसकट. ह्यांनी दोन्ही हातांनी तिला धरलं, डोकं तिच्या खांद्यावर टेकवलं. पाय मात्र दाराला तसाच होता.