जाळीखालचं पाणी

बाळांनो, तुमच्या खोलीच्या न्हाणीघरात घाण वास येऊ लागला, तेव्हा आजोबा वैतागले. "हल्ली वापरतंय कोण? सिमेंटने जाळी बुजवून टाकतो."

"बुजवता कशाला? तांब्याभर पाणी ओता," मी म्हटलं.

ओतलं, आणि वास गेला. जाळीखाली पाइपाला एक वाकण असतं. आंघोळीचं बहुतेक पाणी वाहून जातं, पण थोडं तिथे थांबतं आणि गटाराचा वास घरात येऊ देत नाही. कुणी नाहायचं थांबलं की ते आटतं. किती साधी, शहाणी रचना!

आता तुळशीला पाणी घालून झालं की आजोबा दुसरा तांब्या तिकडे नेतात.

"सिमेंट आणलंत का?" मी विचारते.

"गप गं. पोरं येईपर्यंत आटायला नको."