क्वांटमच्या वर्गातला रिलीव्हर

चार्ज दिल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस अख्ख्या भिलाईत आता एकच उरला आहे, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. उभी हयात त्यांनी पोलाद कारखान्याच्या ब्लास्ट फर्नेसवर काढली. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय आणि सगळी हकीकत तोंडी सांगून त्याला चार्ज दिल्याशिवाय जागा सोडायची नाही, हा तिथला नियम. निवृत्त होऊन हुडको वसाहतीतल्या घरात राहायला आले, तेव्हा मामांनी तोच नियम संसाराला लावला. भाजी आणायला निघाले की मामींना समोर उभं करून सांगणार, "दूध गॅसवर हाय, टाकी अर्धी भरली, पोस्टमन अजून आला नाई." मामींनी मान हलवल्याशिवाय पायात चप्पल जात नाही. एकदा कोहक्याला लग्नात मी पाणी आणायला उठलो, तर म्हणाले, "जावईबापू, ताटाचा चार्ज कोनाकडं?" मी तो त्यांनाच दिला. परत येईपर्यंत त्यांनी माझी जिलबी डोळ्यांत तेल घालून सांभाळली होती.

त्यांची एकुलती एक मुलगी इथल्याच एका संस्थेत क्वांटम टेक्नॉलॉजीत एम.टेक. करू लागली, तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी तिच्याकडून अभ्यासाचा चार्ज घेऊ लागले. क्यूबिट नावाची वस्तू एकाच वेळी शून्यही असते आणि एकही, हे ऐकून ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. "आमी रजिस्टरात वॉल्व उघडाबी हाय आन बंदबी हाय असं लिवलं असतं, तं चार्जशीट भेटली असती," असं मला म्हणाले. पण पानठेल्यावर कुणी हसलं, तर त्याच क्यूबिटची बाजू घेऊन तासभर भांडायचे. लेकीचा विषय म्हणजे त्यांना घरचं माणूस वाटत असावं.

दुसऱ्या सत्रात मुलगी एका पेपरात नापास झाली. त्या रविवारी मी तिथेच होतो. "बाबा, मुझसे नहीं होगा," ती म्हणाली. "सोडून देते मी. उद्यापासून जात नाई." मामींनी डोळ्याला पदर लावला. आता मामांचं व्याख्यान सुरू होणार, म्हणून मी सावरून बसलो. मामांनी एवढंच विचारलं, "तुह्या जागेवर कोन येऊन राहिलं?"

"कोनी नाई."

"रिलीव्हर नाई, तं जागा कशी सोडतं तू?"

"मग तुमीच जा," असं म्हणून ती खोलीत गेली.

रागाच्या भरात बोललेलं ते वाक्य मामांनी हुकूम मानलं. सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन ते थेट तिच्या वर्गात. "मॅडम, पोरगी थकली. ते येईपर्यंत मी हाय तिच्या जागेवर," असं त्यांनी शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं. बाई भल्या, त्यांनी मागचा बाक दिला. मामींच्या काळजीच्या फोनमुळे मी संध्याकाळी घरी पोचलो, तर मामा लेकीपुढे वही ठेवत होते. "हा घे चार्ज. समजलं काईच नाई, पन फळ्यावरचं एक अक्षर सोडलं नाई."

खरंच सोडलं नव्हतं. ग्रीक अक्षरांच्या जागी सुबक त्रिशूळ होते, आणि कोपऱ्यातली 'फळा पुसू नये' ही सूचनाही चौकटीसकट उतरवली होती. मुलगी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पेन घेऊन बसली. "बाबा, हे असं नाई, बघा," करत जेवायच्या वेळेपर्यंत तिने पानं दुरुस्त केली, आणि उठताना म्हणाली, "उद्या मी जाते."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी सहज डोकावलो. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, डबा हातात घेऊन दारात उभे. मुलगी आली, तिने त्यांच्या हातातला डबा घेतला, स्कूटी सुरू केली आणि गेली. मी विचारलं, "मामा, तुम्ही कुठे निघालात?"

"कुठं नाई." शर्टाची बाही सारखी करत ते म्हणाले, "दहावी झाली आन कारखान्यात लागलो मी. कॉलेजात बसाले एकच दिवस भेटला, जावईबापू. चांगला होता."

ऑफिसला उशीर होत होता, तरी मी चप्पल काढून आत गेलो आणि वर्ग कसा होता ते विचारलं. मामा बराच वेळ सांगत होते.