बसयूनीकाकांचं रक्त आणि तिसरी बशी

डॉक्टर वगदीनं अब्ला इन्शिराहला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला वाटलं, इजिप्तमधल्या तांता शहराच्या स्टेशनची इमारतच पांढरा कोट चढवून प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली आहे. तिच्यामागे दार दिसेना, खिडकी दिसेना, दुपारचं ऊनसुद्धा दिसेना. परदेशात पाच वर्षं शिकून आलेल्या या माणसाला तिनं तीनदा हात धुवायला लावले, बूट काढायला लावले, साखरपुड्याची अंगठी काढायला लावली आणि मग पुढे वाकून त्याचा वास घेतला.

"सिगारेट?"

"सकाळी एकच."

"मग उद्या या."

"बाई, मी इथला नवा प्रमुख आहे!"

"असाल. पेशींना ते माहीत नाही."

तो खरंच दुसऱ्या दिवशी आला. महिन्याभरात तोही सगळ्यांसारखा तिला थोरल्या बहिणीच्या मानानं 'अब्ला' म्हणू लागला, आणि थोरल्या बहिणीला भितात तसा भिऊही लागला.

अब्ला अकरा वर्षं पेशी वाढवत होती. उंदराच्या पेशी ही तिची खास मुलं. बशीत त्या एकमेकींना चिकटून, एका थरात, शाळेच्या रांगेसारख्या गुमान बसत. पण कर्करोगाच्या गाठीतून काढलेला डीएनए त्यांच्यावर शिंपडला आणि त्यात रोग लावणारं जनुक असलं, की दोन-तीन आठवड्यांत काही पेशी शिस्त मोडून एकमेकींच्या डोक्यावर चढत. बशीत बारीक ढीग दिसू लागे. ढीग दिसला की समजायचं, गुन्हेगार त्या डीएनएत आहे.

त्या वर्षी गाठ होती बसयूनीकाकांची. साठ वर्षं कालव्याच्या पाण्यात उभं राहून भात लावलेला माणूस. त्या पाण्यातल्या जंतांनी मूत्राशयात कर्करोग आणला, आणि डॉक्टरांनी ते मूत्राशयच काढून टाकलं होतं. काका जगले आणि दर बुधवारी कापडात बांधलेली गरम फितीर घेऊन येऊ लागले. तुपाचे थर सुटलेली ती रोटी टेबलावर ठेवत आणि विचारत, "माझा तुकडा काय म्हणतोय?"

"तुमच्यापेक्षा जास्त खातो," अब्ला म्हणे.

एका बुधवारी मात्र काका हसले नाहीत. धाकट्या मुलीचं, नगातचं, लग्न ठरत होतं. मुलाकडचे, गिरणीवाले शलबी, अडून बसले होते. "म्हणतात, रोग तुमच्या रक्तातच आहे, उद्या आमच्या नातवंडांत उतरेल. रमजानच्या आत उत्तर द्या म्हणतात. अब्ला, खरं सांग. माझ्या रक्तात आहे का गं?"

"माहीत नाही," अब्ला म्हणाली. "पण माहीत करून घेता येतं. हात पुढे करा." आणि तिनं तिथल्या तिथे सुई टोचली.

काम साधं होतं. एका बशीवर गाठीचा डीएनए, दुसरीवर रक्ताचा. अब्लानं तिसरी बशी मांडली. तिच्यावर काहीच नाही.

"ही कशाला? सगळं आधीच तुटपुंजं आहे," वगदी कुरकुरला.

"असू दे. खात नाही काही."

अठरा दिवसांनी वगदी सूक्ष्मदर्शकावरून ओरडतच उठला. गाठीच्या बशीत ढीग! रक्ताच्याही बशीत ढीग! "रक्तातच आहे, अब्ला! जन्मजात! कैरोच्या परिषदेत हे वाचलं ना, तर लोक खुर्चीवर उभे राहतील." बाहेर बाकावर फितीर मांडीवर घेऊन बसलेल्या काकांना सांगायला तो निघालासुद्धा.

दारात स्टेशनची इमारत उभी होती.

"तिसरी पाहिलीत?"

त्यानं पाहिली. तिच्यातही ढीग. ज्या बशीवर कुणाचंच काही नव्हतं, तीही बिघडली होती.

अब्ला स्टुलावर बसली. "आता आठवा. शम्म-अन-नसीमला, वसंताच्या सणाला, मी अकरा वर्षांत पहिल्यांदा गावी गेले. तुम्हाला सांगितलं होतं, सोमवारी याच पेशी पातळ करून नव्या बाटल्यांत घाला. गर्दी झाली की त्या आपोआप बिघडतात. घातल्या होत्या?"

"म्हणजे... मंगळवारी सकाळी..."

"मंगळवारी तुमच्या कोटाला खारवलेल्या माशाचा वास येत होता. मला वाटलं, संध्याकाळी खाल्ला असेल."

वगदीनं मान खाली घातली. सोमवारी अख्खा तांता सणाचे हिरवे कांदे आणि फसीख, म्हणजे खारवलेला मासा, घेऊन कालव्याकाठी बसला होता, आणि त्यात त्याच्या होणाऱ्या सासूबाईही होत्या. तिसऱ्यांदा वाढलेला मासा नाकारून येणारा जावई त्या देशात अजून जन्मायचा होता.

"अब्ला, रमजानला तीनच आठवडे उरलेत. काकांना काय सांगू?"

"फितीर चांगली झालीय म्हणून सांगा. आणि मासा पचेपर्यंत माझ्या पेशींच्या खोलीत यायचं नाही."

तिनं गोठवून ठेवलेल्या जुन्या पेशी काढल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या तीन आठवड्यांत तिनं शुक्रवारची सुट्टी पाहिली नाही, बहिणीच्या नातवाचं बारसं पाहिलं नाही. शिपायाला दारावर बसवलं आणि वगदीकडे बोट दाखवून सांगितलं, "हा माणूस आला तर आधी हुंगायचा." वगदीनं ते मुकाट्यानं करून घेतलं. दर बुधवारी काका येत, बंद दाराकडे बघत आणि जात.

रमजानच्या आदल्या दिवशी तिनं तिन्ही बशा मोजल्या. मग वगदीकडून मोजून घेतल्या. मग पुन्हा स्वतः. गाठीच्या बशीत चौदा ढीग. रक्ताच्या बशीत एकही नाही. रिकाम्या बशीत एकही नाही.

"काका," ती बाकाशी जाऊन म्हणाली, "बिघाड गाठीत झाला होता. गाठ गेली. तुमचं रक्त चोख आहे."

काकांनी फितीरचं कापडी गाठोडं सोडलं. मग म्हणाले, "लिहून दे."

वगदीनं शिक्का मारून लिहून दिलं. काकांनी तो कागद छातीशी धरून शलबींच्या घरी नेला.

शलबींनी तो वाचला नाही. ते म्हणाले, रक्ताचं काही नाही हो, खरा प्रश्न फ्रिजचा होता. ईदनंतर काकांनी फ्रिज दिला, आणि लग्न झालं.