अर्जुनाचं एक बोट

आटपाडी तालुक्यातला अर्जुना तेवीस वर्षं केरळात गलाईचं काम करतो, म्हणजे ॲसिडात सोनं-चांदी शुद्ध करतो. चांदीच्या पाण्यानं त्याची बोटं कायम काळी असतात, अगदी मतदानाच्या शाईसारखी.

२०१९ला लोकसभेच्या मतदानाला तो गावी गेला, तेव्हा केंद्रावरच्या माणसानं बोट बघून विचारलं, "तुम्ही एकदा मत देऊन आलाय ना?" यादी तपासून त्याला आत सोडलं खरं, पण तेवढा वेळ सगळ्या रांगेसमोर चोरासारखं उभं राहावं लागलं. तो राग त्याच्या मनातून गेला नाही.

म्हणून २०२४ला त्यानं दोन महिने आधीच शाई लावतात त्या डाव्या तर्जनीवर रबरी टोपण चढवलं आणि नऊ बोटांनी काम केलं; त्या बोटाचा काळेपणा हळूहळू उतरत गेला. बायको राणी वैतागली. "आवं, एका मतासाठी एवढं?"

"सोन्यावरचा कर दिल्लीत ठरतो, त्याच्यावर आपली चूल पेटती. आन् मी बोलू नगं व्हय?" तो उखडला. मग जरा वेळानं हळूच म्हणाला, "हितं समदी मला सेठ म्हणत्यात. तिकडं केंद्रावर माझं नाव बापाच्या नावासकट मोठ्यानं वाचत्यात. समदा गाव ऐकतो."

मे महिन्यात ते नाव वाचलं गेलं. स्वच्छ बोटावर शाईची रेघ उमटली. तिसऱ्या दिवशी अर्जुना केरळात कामावर आला आणि ॲसिडाला हात लावण्याआधी त्यानं ते टोपण पुन्हा बोटावर चढवलं. आत गावची शाई होती.