बाकाखालचा फोम

होडी बनवणाऱ्या म्हाताऱ्याला सारा धक्का शंकेखोर म्हणे. हा खिळासुद्धा चावून पाहिल्याशिवाय घेत नाही, अशी त्याची थट्टा चाले. मुलीसाठी छोटी फायबरची होडी करताना तर त्याने कहरच केला. होडीत पाणी शिरलं तरी ती तरंगत राहावी म्हणून बाकांखालच्या पोकळीत फोम भरतात. त्याने तऱ्हेतऱ्हेचे तुकडे आणून एकेक पेट्रोलच्या डब्यात टाकला. पांढरा थर्माकोल बघता बघता विरघळला. पिवळा, टणक फोम जसाच्या तसा राहिला. तोच त्याने घेतला.

गुडघे वाकत नव्हते, म्हणून फोम भरून वर फळ्या चिकटवायचं काम नेहमीप्रमाणे धाकट्या भावाने केलं. म्हाताऱ्याने साऱ्या जगावर शंका घेतली असेल, पण भावाचं काम कधी उघडून पाहिलं नव्हतं.

होडी पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "बाबा, बादली अडकवायला इथे एक कडी लावा ना."

त्याने बाकाला भोक पाडलं. ड्रिलबरोबर पांढरे मणी बाहेर आले.

त्याने भावाला हाक मारली. "हे काय रे?"

"थर्माकोलही तरंगतोच की, दादा."

"अरे, पेट्रोलची टाकी याच बाकावर राहणार! माझा पिवळा फोम कुठाय?"

धाकट्याची मान खाली गेली. "माझ्या पोराच्या होडीत. तो खोल पाण्यात जातो, ही काठाकाठाने फिरणार. फोम एकाच होडीपुरता होता."

"म्हणजे कोणी बुडायचं ते तूच ठरवलंस."

याच काकाने मुलीला पोहायला शिकवलं होतं. ती हळूच म्हणाली, "काका, सांगायचं तरी. मी थांबले असते."

"आत्ता काढून आणतो," धाकटा वळला.

"खबरदार! पोर त्या भरवशावर पाण्यात जातंय."

म्हाताऱ्याने पटाशी घेतली आणि कण्हत होडीत उतरून फळी उचकटायला लागला.

"दादा, तुझे गुडघे... मी करतो."

"तू लांब राहा." थोड्या वेळाने त्याने विचारलं, "आजवर किती होड्यांचे बाक बंद केलेस रे तू?"

"शपथ, दादा. थर्माकोल हिच्या एकटीतच."

ते खरं असावं असं म्हाताऱ्याला फार वाटत होतं. पण त्याची नजर धक्क्याला बांधलेल्या होड्यांवरून फिरू लागली. आधी कोणती उघडायची, ते तो ठरवत होता.